कसारा घाट आणि चाकाखालचा स्विच : मोटारीच्या वायरमनकामाचा इतिहास

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील कसारा हे गाव थळ घाटाच्या पायथ्याशी वसलेले असून, मुंबईहून नाशिककडे आणि पुढे थेट आग्र्याकडे जाणाऱ्या वाटेवर कोकणपट्टीची सखल जमीन येथे संपते आणि सह्याद्रीची चढण सुरू होते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1 जानेवारी 1861 रोजी कसाऱ्यापर्यंत पोचली, पण घाट फोडून ती इगतपुरीला नेण्यास आणखी चार वर्षे लागली आणि 1 जानेवारी 1865 रोजी तो मार्ग खुला झाला. या लोहमार्गाचा चढ 37 ला 1 इतका, म्हणजे 37 फूट पुढे जाताना एक फूट वर चढण्याइतका, तीव्र असल्यामुळे गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने कसाऱ्याला जोडावी लागतात, आणि ही पद्धत आजही चालू आहे. घाटातील रेल्वेविषयी गॅझेटिअरांपासून अभियांत्रिकीच्या ग्रंथांपर्यंत पुष्कळ लेखन झाले आहे. मात्र त्याच डोंगरातून वळणे घेत जाणाऱ्या मोटाररस्त्याकडे, आणि त्यावरच्या गाड्या चालत्या ठेवणाऱ्या कारागिरांकडे, अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. मोटारीच्या एका लहानशा भागाच्या दुरुस्तीचा इतिहास पाहिला, तरी या उपेक्षित बाजूची बरीच माहिती हाती येते.

हा भाग म्हणजे स्टिअरिंग कॉलमवरचा स्विच होय. चालकाच्या हातातील चाकापासून खाली स्टिअरिंग बॉक्सपर्यंत जाणारा दांडा आणि त्याभोवतीची नळी यांना मिळून स्टिअरिंग कॉलम म्हणतात, आणि त्या नळीवर, चाकाच्या लगेच खाली, एक किंवा दोन दांड्या असलेला जो स्विच बसवलेला असतो त्याला गॅरेजांत कॉम्बिनेशन स्विच असे नाव आहे. वळण्याची दिशा दाखवणारे इंडिकेटर, पुढच्या दिव्यांचा लांबचा व जवळचा झोत बदलणारा डिपर, काही गाड्यांत दिवे लावण्याची कळ, काहींत हॉर्न आणि पुढच्या काचेचा वायपरसुद्धा, असे कितीतरी विद्युत्‌मार्ग या मुठीएवढ्या डबीत एकत्र येतात. त्यामुळे तिच्यात बिघाड झाला की रात्रीच्या वेळी घाटात असलेली गाडी एकाच क्षणी आंधळी आणि मुकी होते, आणि या स्विचच्या दुरुस्तीला रस्त्यावरच्या इतर कोणत्याही किरकोळ दुरुस्तीपेक्षा अधिक मोल येते ते याच कारणाने.

प्रारंभीच्या मोटारींत अशी एकत्रित व्यवस्था नव्हती. वळण्याची व थांबण्याची सूचना चालक हात बाहेर काढून देत असे, आणि 1939 च्या मोटार वाहन कायद्यात या हाताच्या खुणा परिशिष्टात सविस्तर सांगितलेल्या होत्या. मागच्या गाडीला पुढे जाण्यास मुभा देताना उजवा हात पुढे-मागे अर्धवर्तुळाकार हलवावा, हीही त्यांतलीच एक खूण. मालमोटारीत डाव्या बाजूला बसलेला क्लीनर पत्र्यावर थाप मारून किंवा हात दाखवून चालकाचे काम अर्धे हलके करी. 1930 नंतरच्या काही मोटारींत दारामागच्या खांबातून विद्युत्‌चुंबकाच्या जोरावर बाहेर पडणारा, आत दिवा असलेला छोटा हात बसवलेला असे. लुकलुकणारे इंडिकेटर रूढ होताच दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात तो मागे पडला. पुढच्या दिव्यांचा झोत बदलण्याचे काम जीप, मालमोटारी आणि अॅम्बॅसडर यांसारख्या गाड्यांत पायाने होत असे. क्लचच्या डाव्या बाजूला, फळीवर बसवलेले बटण डाव्या पायाने दाबले की लांबचा झोत जवळ येई आणि पुन्हा दाबले की लांब जाई.

मैदानी रस्त्यावर ही योजना समाधानकारक असली, तरी घाटात तिची उणीव उघडी पडत असे, आणि तिचे कारण अगदी साधे आहे. चढावरच्या वळणाशी गिअर बदलण्यासाठी डावा पाय क्लचवर असतो; समोरून उतरणारी गाडी बहुधा त्याच वळणावर भेटते; म्हणजे ज्या क्षणी झोत खाली करायचा, नेमका त्याच क्षणी तो करणारा पाय दुसऱ्या कामात गुंतलेला असतो. त्यातच कसाऱ्याच्या पावसात पायांबरोबर आलेला चिखल आणि फळीच्या भोकांतून वर उडणारे पाणी या बटणात शिरून त्याचे पितळी भाग कळकत असत. झोत बदलण्याचे काम पायाकडून काढून हाताकडे देणे ही सोय मोटार कारखान्यांनी सर्वच रस्त्यांसाठी केली हे खरे, परंतु तिची किंमत घाटाइतकी दुसऱ्या कोणत्याही रस्त्याला कळली नसेल.

दुरुस्तीच्या या विद्येचा पाया टंचाईच्या काळात घातला गेला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराच्या मोठ्या छावण्या होत्या, ज्यांच्या जागेवर फाळणीनंतर निर्वासितांची वसाहत होऊन 1949 मध्ये उल्हासनगर हे नाव पडले. युद्ध संपल्यावर देशभर लष्करी जीपा आणि ट्रक ‘डिस्पोजल’ म्हणून विकले गेले. परदेशी बनावटीच्या या गाड्या सर्वसामान्य मालकांच्या हाती आल्या, पण त्यांचे सुटे भाग मात्र मागोमाग आले नाहीत. मुंबईत शिवडी येथे 1928 पासून मोटारी जुळवणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीने, भागांचे उत्पादन देशातच करण्याविषयीचे सरकारी धोरण ठरल्यावर, 1954 च्या सुमारास आपला कारखाना बंद केला, आणि आयातीवरचे निर्बंधही पुढे कडकच होत गेले. परिणामी रस्त्यावर गाडी आहे, तिचा स्विच जळाला आहे आणि नवा स्विच कोणत्याही दुकानात नाही, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली. भाग बदलण्याऐवजी तो उघडून आतून नीट करण्याची सवय भारतीय कारागिराला लागली ती या परिस्थितीमुळे. तिला केवळ काटकसरीचा स्वभाव म्हणून सोडून देणे हे त्या कारागिरांच्या ज्ञानावर अन्याय करणारे आहे.

चाकाखालची दांडी महाराष्ट्रात घरोघरी परिचित झाली ती कुर्ल्याच्या गाडीमुळे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1944 मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट 1100 ही इटालियन गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनवण्यास घेतली, आणि 1970 नंतरच्या दशकात तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी असे समीकरण कित्येक दशके टिकले. या गाडीत गिअरची दांडीही स्टिअरिंग कॉलमवरच असल्याने चाकाखालच्या तेवढ्या जागेत यंत्राचे सांधे आणि विजेच्या तारा दाटीने नांदत, आणि गिअरच्या सांध्यांतले ग्रीस व धूळ स्विचमध्ये उतरणे ही तिची जुनी खोड होती. नाशिक-शिर्डीच्या भाड्याने निघालेल्या अशा गाड्यांनी कसाऱ्याचा चढ असंख्य वेळा चढला आहे. टाटांच्या मालमोटारींत आणि महिंद्रांच्या जीपांत डिपर पायाकडून हाताकडे यायला मात्र अधिक काळ लागला, त्यामुळे एकाच गॅरेजात एका गाडीचे पायाचे बटण आणि दुसऱ्या गाडीचा कॉम्बिनेशन स्विच असे दोन युगांचे काम शेजारी-शेजारी चालत असे.

घाटातील वाहनचालकांचा परस्परव्यवहार बराचसा या दांडीवर चालतो. अरुंद चढावर, जेथे दोन वाहने एका वेळी जाऊ शकत नाहीत तेथे, चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी असे 1989 च्या रस्तानियमांत सांगितले होते, परंतु कोण आधी येत आहे हे वळणापलीकडच्या माणसाला कळते ते डिपरच्या एका-दोन उघडझापींवरूनच; ट्रकच्या पाठीवर रंगवलेली, रात्री डिपर वापरण्याची विनंती करणारी ओळ ही याच व्यवहाराची पाटी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ढग खाली उतरून घाट धुक्याने भरतो, तेव्हा लांबचा झोत धुक्यावरच आदळून चालकाच्या डोळ्यांत परत येतो आणि जवळचा झोतच उपयोगी पडतो. अशा वेळी स्विच लांबच्या झोतावर अडकून राहिला तर दिवे असूनही रस्ता दिसत नाही. इंडिकेटरचा व्यवहार त्याहून नाजूक आहे. कित्येक मालमोटारचालक मागच्याला ‘पुढे जा’ असे सांगण्यासाठी उजवा इंडिकेटर देत आले आहेत, आणि ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असे सांगण्याचे साधनही तेच आहे; या दुहेरी अर्थामुळे जीव धोक्यात येतो, ही प्रथा मोडली पाहिजे, आणि जोवर ती मोडत नाही तोवर आपोआप चालू राहणारा किंवा मधेच बंद पडणारा उजवा इंडिकेटर हा साधा बिघाड मानता येत नाही.

स्विच बिघडण्याची कारणे पाहताना त्यातून वाहणाऱ्या विजेचा हिशेब आधी समजून घ्यावा लागतो. जुन्या बहुतेक गाड्यांत दिव्यांची सारी वीज थेट स्विचच्या पितळी-तांब्याच्या संपर्कपट्ट्यांतून, म्हणजे कॉन्टॅक्टमधून, जात असे. 12 व्होल्टच्या गाडीत 45 वॉटचे दोन दिवे लावले तर साडेसात अँपिअर प्रवाह वाहतो, आणि स्विच घडवताना तेवढाच भार गृहीत धरलेला असतो. हॅलोजन दिवे आल्यावर, घाटात अधिक उजेड हवा म्हणून, पुष्कळ मालकांनी 100 वॉटचे बल्ब बसवले. प्रवाह साडेसोळा अँपिअरच्या वर गेला, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच पट्ट्यांवर पूर्वीच्या सुमारे पाचपट उष्णता निर्माण होऊ लागली. मग पट्टीखालचे प्लास्टिक मऊ पडते, पट्टी जागेवरून सरकते, सरकल्यामुळे संपर्क आणखी ढिला होतो, ढिल्या संपर्कात ठिणगी पडते आणि ठिणगीने पट्टीवर काजळी धरते. हे चक्र एकदा सुरू झाले की चाकाखालून जळक्या प्लास्टिकचा वास येईपर्यंत थांबत नाही. पावसाळ्यातील दमट हवा, सतत हलणाऱ्या तारांचा कॉलमच्या कडेला घासून उघडा पडलेला भाग आणि सुकून घट्ट झालेले ग्रीस ही कारणे त्याखालोखालची होत.

इंडिकेटरच्या बाजूचा दोष बहुधा विजेचा नसून यंत्राचा असतो. वळण पूर्ण होऊन चाक सरळ झाले की इंडिकेटर आपोआप बंद व्हावा, यासाठी स्टिअरिंगच्या दांड्यावर एक उंचवटा आणि स्विचमध्ये त्याला अडणारी नायलॉनची जीभ असते. चाक उलटे फिरताना उंचवटा जिभेला ढकलतो आणि दांडी मधल्या जागी परत येते. सपाट रस्त्यावर ही क्रिया अधूनमधून घडते, तर घाटात एकामागून एक उलटसुलट वळणांमुळे ती अखंड चालते, शिवाय इंडिकेटर मधेच बंद पडू नये म्हणून कित्येक चालक दांडी बोटाने दाबून धरतात. चाक एकीकडे जिभेला परत ढकलते आणि बोट तिला अडवते, या ओढाताणीत जुने, ठिसूळ झालेले नायलॉन एक दिवस तुटते आणि त्यानंतर दांडी कोणत्याच बाजूला थांबत नाही.

मोटारीच्या विजेचे काम करणारा कारागीर गॅरेजात वायरमन म्हणून ओळखला जातो, आणि त्याच्या कामाची पद्धत हा स्विच दुरुस्त करताना उत्तम रीतीने दिसते. चांगला वायरमन प्रथम चाकाला हातच लावत नाही. बल्ब, फ्यूज, बॉडीशी जोडलेली अर्थची तार आणि इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर यांची तपासणी तो आधी करतो, कारण एका बाजूचा बल्ब गेला तरी फ्लॅशरची टिकटिक बिघडते आणि अननुभवी माणूस निष्कारण स्विच उघडतो. एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला टोकदार सळई आणि मध्ये छोटा बल्ब असा टेस्ट लॅम्प हे त्याचे मुख्य हत्यार. स्विचमध्ये वीज येते पण बाहेर पडत नाही असे या दिव्याने दाखवले, की मगच बॅटरीची ऋण बाजू सोडवून खरे काम सुरू होते. पुढची चाके सरळ करून घेतात, हॉर्नचे बटण काढतात, नट काही आटे ढिला करून, चाक आणि दांडा यांवर खुणेची रेघ ओढतात. पुलर नसेल तर दोन्ही गुडघ्यांनी चाक आपल्याकडे रेटत, अर्धवट ठेवलेल्या नटावर हातोडीचे हलके घाव घालून ते सोडवतात. नट पूर्ण काढून घाव घातले तर दांड्याचे आटे बसतात किंवा सुटलेले चाक तोंडावर येते, म्हणून नट अर्धवट ठेवण्याला महत्त्व असते.

स्विच हातात आल्यावर तो फडक्यात धरून उघडतात, कारण दांडीला प्रत्येक जागी अडवून धरणारी बारीक पोलादी गोळी आणि तिच्यामागची स्प्रिंग झाकण निघताच उडते, आणि रस्त्याच्या कडेच्या मातीत हरवलेली गोळी सापडणे कठीण असते. आतल्या पट्ट्या पेट्रोलने धुऊन शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने अगदी हलक्या हाताने घासतात. जोराने घासल्यास वरचा चांगला थर निघून जातो आणि पट्टी पुन्हा लवकर जळते. जी पट्टी खाऊन गेली असेल तिच्या जागी पितळी पत्र्याचा तुकडा कातरून, कथील-शिशाच्या मिश्रधातूने सांधून, म्हणजे सोल्डर मारून, बसवतात. थकलेल्या स्प्रिंगच्या जागी बॉलपेनची स्प्रिंग बसवणे, तुटलेली नायलॉनची जीभ फायबरच्या तुकड्यातून कानशीने घडवणे, फुटलेली डबी अॅराल्डाइटने जोडणे, या युक्त्या कोणत्याही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाहीत, तरीही त्यांनी हजारो गाड्या मुक्कामाला पोचवल्या आहेत. शेवटी ग्रीसचे बोट फक्त गोळीला व सांध्याला लावतात, कारण पट्ट्यांवर पडलेले ग्रीस काजळी धरून विजेला भलतीच वाट करून देते. चाक परत बसवताना खुणेची रेघ चुकली तर इंडिकेटर एका बाजूचा लवकर आणि दुसऱ्या बाजूचा उशिरा बंद होतो, आणि अशी गाडी ज्याच्या हातून गेली त्याचे काम घाईचे होते हे पुढच्या कारागिराला तत्काळ समजते.

या दुरुस्तीपलीकडे जाऊन रोगाचे मूळ काढणारा उपाय म्हणजे रिले. रिले हा विद्युत्‌चुंबकावर चालणारा दुय्यम स्विच असून, त्याच्या योगाने दिव्यांची मोठी वीज बॅटरीहून जाड तारेने थेट दिव्याकडे जाते आणि चाकाखालच्या स्विचमधून केवळ चुंबक जागा करण्यापुरता, एक अँपिअरहूनही कितीतरी कमी, प्रवाह वाहतो. काही कारखान्यांनी ही व्यवस्था मुळातच केली, परंतु जुन्या जीपांत आणि मालमोटारींत ती पुष्कळदा रस्त्यावरच्या वायरमनने बसवली. स्वस्त दुरुस्ती करून गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येऊ देणे त्याच्या पोटाला सोयीचे असताना, रिले टाकून तो त्रास कायमचा मिटवणारे कारागीर या धंद्यात होते आणि आहेत, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

हे ज्ञान पसरले ते मुख्यतः हाताखाली काम करून. आयटीआयमधील अभ्यासक्रम आणि 1961 च्या अॅप्रेंटिस कायद्यानुसार मिळणारी उमेदवारी यांनी त्याला पाठ्यक्रमाची जोड दिली. राज्य परिवहनाची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, आणि ठाणे विभागातील शहापूर व मुरबाड ही आगारे ग्रामीण भागाच्या दृष्टीने मोटारविद्येचीही केंद्रे ठरली. चालकाने नोंदवलेला दोष कार्यशाळेत दुरुस्त झाल्याशिवाय गाडी मार्गावर जाऊ नये, ही आगाराची शिस्त खासगी गॅरेजला नसे. सुटे भाग मात्र मुंबईकडूनच येत. कुर्ल्याच्या भंगारबाजारात आणि चोर बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे स्विच मिळत. व्यापारी वाहनाला योग्यता प्रमाणपत्र घेताना दिवे, इंडिकेटर आणि हॉर्न दाखवावे लागत असल्याने, तपासणीच्या आधीच्या आठवड्यात वायरमनकडे गर्दी होणे हेही या धंद्याचे ठरलेले वेळापत्रक झाले.

2000 नंतर या चित्रात झपाट्याने बदल झाला. स्विच रिव्हेट ठोकून किंवा चिकटवून बंद केलेले येऊ लागले, त्यांच्या स्वस्त नकला बाजारात मुबलक मिळू लागल्या, आणि उघडण्यापेक्षा बदलणे परवडू लागले. त्याच काळात मुंबई-नाशिक मार्गावरचा वडपे ते गोंदे हा रस्ता चौपदरी झाला. कसाऱ्यात जुना घाट आणि नवा घाट अशा दोन वाटांवर वाहतूक विभागली गेल्याने समोरून येणाऱ्या झोताचा त्रास कमी झाला, तर मुरबाड तालुक्यातून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या माळशेज घाटात दोन्ही दिशांची वाहतूक एकाच रस्त्यावर असल्यामुळे डिपरचे महत्त्व टिकून राहिले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेली. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला असून, त्यावरील पावणेआठ किलोमीटरच्या जोडबोगद्यामुळे कसाऱ्याचा चढ टाळूनच कित्येक वाहने पुढे जातात.

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे या बाजूंच्या रस्त्यांवर प्रवासी आणि माल वाहणाऱ्या जुन्या जीपा व पिकअप गाड्यांच्या बाबतीत मात्र वर वर्णिलेली दुरुस्ती आजही लागू पडते. नव्या मोटारींत चाकाखालच्या दांडीतून दिव्याची वीज वाहत नाही, तर केवळ एका संगणकीय पेटीला संदेश जातो. शिवाय 1 जुलै 2019 पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली असल्याने, चाकाच्या आत स्फोटक भरलेली पुडी आणि तिला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी असते. अशा गाडीचे चाक काढण्यापूर्वी बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबावे लागते, आणि गुडघ्यांनी चाक रेटून नटावर हातोडी मारण्याची जुनी रीत तेथे पूर्णपणे वर्ज्य आहे.